उशीचं तोंड दाराकडे नको

मुंबईहून परत येऊन आठवडा होत आला, तरी आमच्या आळीतल्या बायकांचे प्रश्न संपत नाहीत. राणीची बाग पाहिलीस का, गेटवे पाहिलंस का, चौपाटीवर भेळ खाल्लीस का. मी यातलं काही म्हणजे काही केलेलं नाही. दादरच्या पुढं माझं पाऊल पडलं नाही. मी मुलुंड पाहिलं, अंधेरी पाहिली आणि जुहूची वाळू चपलांत भरून नाशिकला आणली. यावर शेजारच्या माई म्हणाल्या, "मग मुंबईला गेलीस कशाला?" त्यांना तोंडी सांगायला बसलं की मध्येच त्यांचं दूध उतू जातं, म्हणून लिहून काढते आहे. सावकाश वाचा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी कमल. नाशिकला एका इस्पितळात सिस्टर आहे. लग्न केलेलं नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांची आहे त्यांनी ती आपल्यापाशी ठेवावी. गेल्या लढाईच्या दिवसांत मी इंग्रजांच्या फौजेच्या इस्पितळांत नर्स होते. आज इथं, उद्या तिथं, अशी बरीच वर्षं काढली आणि मग इथं येऊन स्थिरावले. माझा थोरला भाऊ, दादा, मुलुंडला राहतो. फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क आहे. त्याची मुलगी शालू नुकतीच नर्सिंगची परीक्षा पास झाली.

तर या शालूनं बापाला न विचारता फौजेतल्या नर्सिंगसाठी अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवडूनसुद्धा आली. पुढच्याच सोमवारी घाटावरच्या एका छावणीत तिनं हजर व्हायचं होतं. दादानं सरळ सांगितलं, नाही म्हणजे नाही. पोरीनं अन्न टाकलं, बापानं बोलणं टाकलं, आणि या दोघांच्या मध्ये सापडलेल्या वहिनीनं मला निरोप धाडला, वन्सं, असाल तशा या. मी रजा टाकली, दोन डबे चिवडा घेतला आणि निघाले. गाडीत काय झालं ते लिहीत नाही. गाडीत कधीच काही होत नाही, नुसता कोळसा डोळ्यांत जातो.

मुलुंड

मुलुंड मला फार आवडलं. रस्ते सरळ, झाडं भरपूर, घरं दोन मजल्यांची आणि मागं डोंगर. सकाळी भय्या म्हैस थेट दारात आणून दूध काढून देतो आणि वहिनी गॅलरीतून त्याच्या हातावर डोळा ठेवून उभी असते, की पाणी कुठून येतंय. माणसंही मजेदार. कचेरीला जाताना प्रत्येक जण म्हणतो, "मुंबईला जातो." म्हणजे मग आपण राहतो ती जागा कोणती, हे त्यांनी अजून ठरवलेलं दिसत नाही.

वहिनी मालवणकडची. मी येणार म्हणून तिनं बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि सोलकढी. आमच्या नाशिकला मासळी येते ती घाट चढतानाच दमलेली असते, त्यामुळे मी पहिले दोन बांगडे कुणाशी न बोलता खाल्ले. मग वर पाहिलं. समोर दादा बसला होता, ताटाभोवती पाणी फिरवून, पण हात न लावता. शालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू मला शिकवायला आलीस ना?" दादा म्हणाला.

"मी बांगडे खायला आले," मी म्हणाले. "तू जेव. भांडायचं तर पोटात काहीतरी असू दे."

वहिनी वाढता वाढता पुटपुटली, "ह्यांका कोण सांगतलो? काय ता तुमीच बघा." आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक बांगडा टाकला.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. माझी तयारी पक्की होती. मला वाटलं होतं, दादा म्हणेल लोक काय म्हणतील, हिला स्थळ कोण आणेल, परक्या पुरुषांची सेवा करायची का. यातल्या एकेकाला मी पाणी पाजणार होते. पण दादा यातलं एक अक्षर बोलला नाही.

"फौजेचं मला वावडं नाही गं," तो म्हणाला. "आता फौज आपली आहे. पोरगी हुशार आहे, कामाला वाघ आहे, हे मला दिसतं. इथल्या इस्पितळात होती, तेव्हा आठवड्याला घरी येत होती, म्हणून मी गप्प होतो. मला एकच सांग. उद्या हिला जम्मूला टाकली, आसामात टाकली. ही त्या गावात उतरली. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही. हातात एक ट्रंक. तिथल्या खोलीत हिची वाट बघणारं कोण असेल?"

"बाबा, मी काय कुकुलं बाळ आहे का?" शालू म्हणाली. "वीस जणी असतील ना तिथं."

"वीस जणी आपापल्या कामात असतील." दादानं तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडेच पाहत होता. "कमे, तुझी वाट कोण बघत होतं? आणि आज तरी कोण बघतं? तू रात्रपाळीहून घरी येतेस, कुलूप काढतेस, स्वतःचा चहा स्वतः करतेस. हे मला पोरीसाठी नकोय. तुला लागलं तर लागू दे, मी खरं बोललो."

लागलं. चांगलंच लागलं. त्याला उलट काहीतरी सुनवावं असं वाटलं, पण त्याचा चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता. मी उठून गॅलरीत गेले. मागून शालू आली आणि खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "आत्या, वाट लागली ना?" म्हणाली. मी म्हटलं, अजून लागायची आहे, जरा थांब.

आमच्या घरातली जुनी गोष्ट इथं सांगायला हवी. आमचे वडील, अण्णा, खादीवाले. दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. त्यांची मुलगी इंग्रजांच्या फौजेत नर्स म्हणून जाते म्हटल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी म्हणत होते की जखमी माणसाला झेंडा नसतो. ते ऐकायला तयार नव्हते. मी निघाले त्या दिवशी घरातलं कुणी स्टेशनवर आलं नाही. दादाही नाही. त्याबद्दल आम्ही भावंडं कधी बोललो नव्हतो. बोलायचं तरी काय.

अंधेरी

दुसऱ्या दिवशी मला माझ्या जुन्या मेट्रनला भेटायचं होतं. पेनरोज सिस्टर. लढाई संपली, इंग्रज गेले, पण ही बाई गेली नाही. विलायतेत तिचं कुणी उरलं नव्हतं आणि तिथली थंडी सोसत नाही असं तिचं म्हणणं. अंधेरीला एका ख्रिस्ती बाईच्या बैठ्या घरात भाड्यानं दोन खोल्या घेऊन राहते. शालू बरोबर येणार होतीच. दादा म्हणाला, मीपण येतो, तुम्हा दोघींना तिकडचे रस्ते माहीत नाहीत. मी एके काळी सबंध हॉस्पिटल ट्रेन रंगूनच्या बाजूनं येणाऱ्या जखमींनी भरलेली आणली आहे, पण अंधेरीचे रस्ते दादाशिवाय मला सापडणार नाहीत. असा हा माझा भाऊ.

वाटेत घाटकोपरला उतरून त्यानं पेढे घेतले, परक्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. दादरला गाडी बदलल्यावर पुडा बाकावर ठेवला आणि अंधेरी येईतो तो त्यावरच बसून होता. उतरताना लक्षात आलं. शालूला हसू आवरेना आणि बाप रागावलाय हेही तिला विसरता येईना, त्यामुळे तिला ठसका लागला. दादानं पाठ थोपटली. दोघांत त्या दिवशी झालेलं हे पहिलं बोलणं.

स्टेशनपासून घोडागाडी केली. अंधेरी म्हणजे अजून निम्मं गावच आहे. नारळी, भातखाचरं, विहिरी, क्रूस लावलेले ओटे, आणि मध्येच कुठं नवी कोरी तीन मजली इमारत, पाहुणी म्हणून आल्यासारखी अवघडून उभी. सिस्टरच्या घरी पोचलो तेव्हा ती अंगणात गवताची टोपी घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती. वयानं वाकलेली नाही. सुकली आहे फक्त.

तिनं मला पाहिलं. जवळ आली. "नखं दाखव," म्हणाली. चाळिशी आलेली मी, वॉर्डातल्या पोरी मला बघून चळाचळा कापतात, पण मी दोन्ही हात पुढं केले. तिनं नखं पाहिली, उलट करून तळवे पाहिले आणि मग मला मिठीत घेतलं. तिला अजून त्याच कार्बोलिक साबणाचा वास येतो. माझे डोळे भरून आले.

घराची मालकीण रोझीबाई जाडजूड, हसरी. "ये गो बाय, बस," म्हणत तिनं आम्हाला ओट्यावर बसवलं. जेवायला खारदांड्याच्या कोळणीनं सकाळी आणून दिलेल्या पापलेटाचं कालवण आणि तळलेले गोल फुगे. हे फुगे मी पहिल्यांदाच खाल्ले. आपल्या भज्यांएवढे, आत पोकळ, किंचित गोड. दादानं सुरुवातीला एकच घेतला, बेतानं. मग रोझीबाईनं ताटलीच त्याच्यासमोर सरकवली. चपटे पेढेही सगळ्यांनी खाल्ले. सिस्टरनं माझा चिवडा मात्र कुणाला दिला नाही. डबा उचलून आत नेऊन ठेवला.

तिचं हिंदुस्तानी फौजी. बाई, पुरुष, गाय, खुर्ची, सगळ्यांना एकच लिंग. कोंबड्यांची ओळख करून देताना दादाला म्हणाली, "साब, ये कर्नल है. अंडा नहीं देता, खाली चिल्लाता." तिच्या नोकरीत ज्या ज्या कर्नल डॉक्टरांशी तिची भांडणं झाली, त्यांची नावं तिनं कोंबड्यांना ठेवली आहेत. दादा, जो मी आल्यापासून हसला नव्हता, तो हसला.

पुढचं ती इंग्रजीत बोलली. मी माझ्या भाषेत सांगते.

शालूनं तिला विचारलं की फौजेत नर्सा पहिल्यांदा आल्या कशा. सिस्टरनं पाय पुढं केले, टोपी गुडघ्यावर ठेवली. आमच्या फौजेत पूर्वी नर्स नावाची गोष्टच नव्हती, ती म्हणाली. सैनिक आजारी पडला तर दुसरा, थोडा कमी आजारी असलेला सैनिक त्याच्याजवळ बसायचा. दारू प्यायचा आणि बसायचा. फौजेमागून फिरणाऱ्या सैनिकांच्या बायका कपडे धुवायच्या, जखमाही धुवायच्या. त्यांना कुणी नर्स म्हणायचं नाही. मग क्रिमियाची लढाई लागली. माणसं गोळीनं कमी आणि घाणीनं जास्त मरायला लागली. तेव्हा बायकांची पहिली तुकडी बोटीनं तिकडं गेली.

"आणि डॉक्टर खूश झाले," शालू म्हणाली.

"डॉक्टरांनी त्यांना वॉर्डात पाऊल ठेवू दिलं नाही," सिस्टर म्हणाली. "बायकांचं इथं काय काम, म्हणाले. भांडल्या असत्या तर पुढच्या बोटीनं घरी गेल्या असत्या. मग त्यांनी काय केलं असेल? एका खोलीत बसल्या आणि गाद्या-उशा भरत राहिल्या. पेंढा भरायचा, शिवायचं. भरायचा, शिवायचं. मग एक दिवस बोटी भरभरून जखमी आले, जमिनीवर टाकायलाही जागा उरली नाही, आणि डॉक्टरच धावत त्यांच्या दारात आले. तेव्हा बिछाने तयार होते."

कर्नल तेवढी ओरडत होती.

त्यानंतर बोलण्याची गाडी पुढं सरकली. तिची मावशी दक्षिण आफ्रिकेच्या लढाईत तंबूत नर्स होती आणि तिथं तापानं गेली. तरी ही त्याच कामात आली. राखाडी झगा, खांद्यावर तोकडी लाल केप. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून जखमींच्या बोटी मुंबई बंदराला लागत, त्यांतल्या एका बोटीवरून ती पहिल्यांदा इथं उतरली. आणि दुसऱ्या लढाईत तिच्या हाताखाली आमच्यासारख्या मुली आल्या, नऊवारी नेसणाऱ्या आयांच्या लेकी. "सुरुवातीला आमच्यातल्या काही जणी यांच्याबरोबर एका टेबलावर जेवत नसत," ती म्हणाली. "ते मी लपवणार नाही. मूर्खपणा होता." मी म्हटलं, तुम्ही बसायचात. ती म्हणाली, "मी मेट्रन होते. मला कोण उठवणार?"

मग तिनं शालूला उशीचं सांगितलं. वॉर्डातल्या प्रत्येक उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला करायचं. कारण मेट्रन दारातून बघते आणि तिला सगळीकडे बंद शिवण दिसली पाहिजे. शालूलाही हे शिकवलेलं होतंच. पण पुढचं तिला माहीत नव्हतं.

"आमच्यात एक चाल होती," सिस्टर म्हणाली. "कुठल्या नियमात नाही. नव्या ठिकाणी कुणी सिस्टर पहिल्यांदा आली, की आधीपासून तिथं असलेल्या सिस्टरनं तिचा बिछाना आपल्या हातांनी घालायचा. ऑर्डर्लीनं नाही, आयेनं नाही. ती दार उघडते तेव्हा खाट तयार असली पाहिजे. उशीची बंद बाजू तिच्याकडे. म्हणजे तिला कळतं की ही खोली आपली वाट बघत होती."

दादाच्या हातातला फुगा हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग सिस्टरकडे.

"माझ्या बहिणीचा बिछाना कुणी घातला होता?" त्यानं विचारलं.

"मी," सिस्टर म्हणाली. "दुसरं कोण? ती आली तेव्हा रडत होती."

"मी रडत नव्हते," मी म्हणाले.

"नाक लाल होतं," सिस्टर म्हणाली. मग दादाकडे वळून आपल्या फौजी हिंदुस्तानीत, "साब, तुम्हारा बहन बहुत जिद्दी था. बोला, घर से कोई नहीं आया. मैं बोला, हम आया ना."

दादानं मान खाली घातली. फुगा ताटलीत ठेवला. त्याला काय वाटलं ते मला दिसलं आणि मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की मी उठून उगाच रोझीबाईच्या विहिरीकडे गेले, पाणी किती खोल आहे ते बघायला.

जुहू

अंधेरीहून जुहू जवळ. शालूनं हट्ट धरला, म्हणून सूर्य कलायच्या आत आम्ही वाळूवर पोचलो. आपल्या गोदेला घाट आहे, पायऱ्या आहेत, माणसाला उभं राहायला जागा आहे. इथं पाणी कुठं सुरू होतं आणि जमीन कुठं संपते, याचा काही नियमच नाही. दादानं चपला काढून जपून एका जागी ठेवल्या आणि धोतर वर धरून पाण्यात उभा राहिला. एक लाट आली ती चांगली वरपर्यंत गेली आणि परत जाताना त्याची एक चप्पल घेऊन गेली. दादा मागे धावला, चप्पल पुढे. शेवटी त्यानं उरलेली चप्पल उचलली, जरा विचार केला आणि तीही समुद्रात फेकून दिली. "जोडीनं राहू देत," म्हणाला. हेडक्लार्क माणूस, तसाच अनवाणी मुलुंडपर्यंत आला.

शालू भेळ आणायला गेली होती. आम्ही दोघं वाळूत बसलो होतो.

"मी स्टेशनवर यायला पाहिजे होतं," दादा समुद्राकडे बघत म्हणाला. "अण्णांना घाबरलो. घरात बसून घड्याळाकडे बघत राहिलो. गाडी सुटली असेल तेव्हा उठलो."

"जाऊ दे रे," मी म्हणाले. "इतक्या वर्षांचं कशाला काढतोस."

"मला काढायचंय." त्यानं वाळूची मूठ भरली आणि सोडून दिली. "तिनं घातला बिछाना. परक्या देशाची बाई."

शालू भेळेचे द्रोण घेऊन आली. दादानं एक घेतला, खाऊन संपवला, द्रोण नीट दुमडला आणि मग न्यायाधीशासारखं बोलला. "जा. पण मी बरोबर येणार. आणि तुझा बिछाना कुणी घातलेला असला पाहिजे. नसला, तर तुझी ट्रंक उचलून त्याच गाडीनं परत आणीन. हे माझं बोलणं पक्कं."

"झकास," शालू म्हणाली आणि बापाच्या गळ्यात पडली. भर जुहूवर, लोक बघत होते. दादाला काय करावं कळेना. त्यानं तिच्या केसांतली वाळू झाडली.

मला मात्र धडकी भरली. ती चाल इंग्रजांच्या वेळची, तीसुद्धा पेनरोजबाईंसारख्या चारदोन जणींची. आता ती कुणाला माहीत असेल की नाही, देव जाणे. शालूला मी हे बोलले नाही. दादाला तर नाहीच. वहिनीला सांगितलं. ती मासळी साफ करता करता म्हणाली, "वन्सं, तुमी आसास मां?" मला तेव्हा वाटलं, तुम्ही आहात ना असं म्हणून ती नुसता धीर देते आहे.

छावणी

सोमवारी सकाळी आम्ही तिघं घाट चढून छावणीत पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, लष्कराचं काम आहे. माझ्या नाशिकच्या वाटेवरच ते ठिकाण. रस्ते झाडून काढलेले, दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू. थंडी चांगलीच. दादानं नव्या चपला घातल्या होत्या, त्या चावत होत्या, आणि शालूची ट्रंक तो हमालाला देईना.

सिस्टरांची मेस, म्हणजे त्यांची राहायची जागा, लांबट, कौलारू, पुढं व्हरांडा. दादा ट्रंकेसकट आत शिरायला लागला तर पहाऱ्यावरच्या शिपायानं हात आडवा केला. पुरुषांना आत मज्जाव. दादाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी मुद्दाम बोलले नव्हते.

"मग मी बघणार कसा?" दादा म्हणाला.

"मी बघते ना," मी म्हणाले. "मी तुझे डोळे. बस त्या बाकावर."

"खरं सांगशील?"

"सांगेन."

शालूला मेट्रनच्या कचेरीत हजर व्हायला पाठवलं. एक आया मला खोली दाखवायला निघाली. चालता चालता मी विचारलं, इतर सिस्टर कुठं आहेत. ती म्हणाली, पहाटे जवानांची एक लॉरी उलटली, सगळ्या वॉर्डात आहेत, कुणाला चहा प्यायलाही उसंत नाही. तिनं दार उघडलं आणि ती निघून गेली.

लोखंडी खाट. तिच्यावर गुंडाळलेली गादी. गादीवर घडी घातलेल्या चादरी, एक रग आणि एक उशी, अभ्रा न घातलेली. कुणी हात लावलेला नव्हता. लावणार तरी कोण? त्या सगळ्या जिथं असायला हव्या होत्या तिथंच होत्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही वॉर्डातच असते. पण बाहेर बाकावर दादा बसला होता, ट्रंक पायाशी घेऊन.

मी दारातच उभी राहिले. पोरीचं सगळं आयुष्य त्या गुंडाळलेल्या गादीत अडकून बसलंय असं मला वाटलं. दादा बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस आहे. त्याला लॉरीचं सांगितलं असतं तरी त्यानं मान हलवली असती आणि ट्रंक उचलली असती. "वीस जणी आपापल्या कामात असतील" हे त्यानं आधीच म्हणून ठेवलं होतं.

मग मला वहिनीचं बोलणं आठवलं. मी पदर खोचला.

हाताला सवय असते. गादी सोडली, झटकली. खालची चादर ओढून ताणली, कोपरे मोडून पक्के केले, असे की नाणं टाकलं तर उडावं. वरची चादर, रग. रग छातीच्या उंचीवर दुमडला. उशी नवी होती, शिवणीतून कापूस बाहेर येत होता, तो आत कोंबला आणि अभ्रा चढवला. तोंड भिंतीकडे, बंद बाजू दाराकडे. मग मागे सरून दारातून पाहिलं. पेनरोजबाईंनी नखं तपासली असती, पण बिछान्याला नावं ठेवली नसती. माझ्या तरुणपणातली ती संध्याकाळ मला आठवली, ते दार, ती खाट, ती शिवण. तेव्हा मला वाटलं होतं की आता काही बिघडत नाही. मी खोलीतच थोडी रडले. इथं नाकाचं कुणी काही बोलणार नव्हतं.

बाहेर येताना शालू समोरून आली. नव्या कामाच्या घाईत होती, डोळे चमकत होते. तिनं खोलीचं दार उघडलं आणि आतून तिचा आवाज आला, "अगंबाई, घातलाय." मी थांबले नाही.

दादा बाकावरून उठला.

"होता का?"

"होता."

"कुणी घातला?"

"तिच्या आधीच्या सिस्टरनं," मी म्हणाले. यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा.

"आणि उशी?"

"तोंड दाराकडे नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढं करून माझ्या पदराला चिकटलेला कापसाचा पुंजका काढला. उन्हात धरून बघितला. मी मनाशी म्हटलं, आता वाट लागली. पण त्यानं तो कोटाच्या खिशात ठेवला आणि शिपायाला हाक मारली, ट्रंक आत पोचवा म्हणून.

नाशिक

इतक्या वर्षांत दादा माझ्याकडे कधी मुक्कामाला राहिला नव्हता. सकाळी यायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या दिवशी मात्र तो माझ्याबरोबर नाशिकला उतरला. मी कुलूप काढलं, तो मागे उभा होता. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाला, "सरक, मी करतो." त्यानं केलेला चहा पिववत नव्हता. मी पूर्ण प्यायले.

दिवेलागणीला जेवणं झाली. मी गाद्या काढायला उठले, तर त्यानं मला खाली बसवलं.

"बिछाना मी घालतो."

"अरे, तू पाहुणा आहेस. तुझा मी घालते."

"माझा नाही, तुझा. मध्ये बोलू नकोस."

जन्मात कधी स्वतःचं अंथरूण न उचललेला माणूस. चादर एका बाजूला जमिनीवर लोळत होती आणि दुसऱ्या बाजूला गादीला पुरत नव्हती. कोपरे त्यानं मिठाईच्या पुड्यासारखे दुमडले. गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, एकेक सुरकुती हातानं सपाट केली. शेवटी उशी घेतली, थोपटली आणि ठेवली. नेमकी अभ्र्याचं तोंड दाराकडे करून.

माझ्या वॉर्डात कुणा पोरीनं अशी उशी ठेवली असती तर तिची धडगत नव्हती. मी मात्र "छान झालाय," म्हणाले आणि मनापासून म्हणाले. सकाळच्या गाडीनं तो गेला. मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेले होते.

त्याला आता आठवडा होत आला. मी रोज अंथरूण काढते, रोज घालते. उशी तेवढी अजून त्यानं ठेवली तशीच ठेवते.